मधल्या वयाची मोटार

कोणाचं वय झालं हे ठरवण्याचा अधिकार पूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडे असे. "घोड्या, वय झालं तुझं, अजून भिंतीवर रेघोट्या ओढतोस?" असं आत्याने म्हटलं की वय झालं. पुढे हे खातं सरकारने आपल्याकडे घेतलं. अठरा पूर्ण झाली की मत, एकवीस पूर्ण झाली की मुलाचं लग्न, आणि साठ पूर्ण झाली की आमच्यासारख्या बँकेतल्या माणसाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. ज्याला आता वेळ बघण्याची काही गरज उरलेली नाही नेमकं त्यालाच घड्याळ का देतात, हा वेगळा विषय आहे. ह्या सगळ्याबद्दल माझी तक्रार नाही. माणसाचं वय सरकारने खुशाल मोजावं. पण सरकारने मोटारीचं वय मोजायला घेतलं, आणि तिथे माझं सरकारशी बिनसलं.

कायदा असा आहे. खाजगी मोटार एकदा नोंदवली की पंधरा वर्षं तिला कोणी काही विचारत नाही. पंधरा झाली की नोंदणी संपते, आणि मग दर पाच वर्षांनी तिला कचेरीत नेऊन ती जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. पेन्शनर मंडळी दर नोव्हेंबरात बँकेत येऊन करतात तसंच. फरक इतकाच, की पेन्शनरकडून आम्ही हयातीच्या दाखल्याचे पैसे घेत नाही. मोटारीला ते पडतात. ३१ मार्च २०२२ पर्यंत ६०० रुपये पडत होते. १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी एक नियम निघाला आणि वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० झाले. मोटारसायकलीलाही सोडलं नाही. तिचे ३०० चे १,००० झाले आणि विशी ओलांडली की २,०००. पर्यावरण कर वेगळा. म्हणजे म्हातारपण जितकं जास्त तितकी दाखल्याची फी जास्त. हाच न्याय उद्या पेन्शनरांना लावला तर नोव्हेंबरात आमच्या शाखेला पोलीस बंदोबस्त मागवावा लागेल.

हे झालं एक टोक. दुसरं टोक असं, की जुलै २०२१ मध्ये सरकारने 'व्हिंटेज' गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, धंद्याला न लावलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. नव्याने नोंदवायची तर फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, आणि पाटीवर 'व्हीए' अशी खास अक्षरं. कारण आता ती गाडी राहिली नाही, ती ठेवा झाली, वारसा झाली.

आता ह्या दोन टोकांचा एकत्र विचार करा. गाडी एकोणपन्नास वर्षं अकरा महिन्यांची असते तोवर तिने भंगारात जावं म्हणून तिच्यावर फी वाढवत न्यायची, आणि पुढच्या महिन्यात तिला ओवाळायचं. आजोबांना ऐंशीपर्यंत ओसरीवर उपाशी ठेवायचं आणि एक्क्याऐंशी लागताच त्यांचं सहस्रचंद्रदर्शन थाटात करायचं, त्यातलाच हा प्रकार. माझं भांडण पंधराशी नाही आणि पन्नासशीही नाही. माझं भांडण ह्या दोहोंच्या मधल्या पस्तीस वर्षांसाठी आहे. मी स्वतः सेहेचाळीस वर्षांचा आहे. मधल्या वयाचं दुःख मला कोणी शिकवायला नको. तरुणांच्या कट्ट्यावर गेलो तर 'या काका', आणि ज्येष्ठांच्या कट्ट्यावर गेलो तर 'अरे पोरा, जरा चार चहा सांगून ये'.

मी बी.कॉम. आहे, आणि बी.कॉम.ला घसारा नावाचा एक प्रकार शिकवतात. वस्तू वापराने झिजते, त्या झिजेची वहीतली नोंद म्हणजे घसारा. प्राप्तिकराच्या हिशेबात मोटारीवर तो साधारणपणे सालाला १५ टक्के धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. ह्या पद्धतीची खुबी अशी, की किंमत दर साल घटते पण शून्य कधीच होत नाही. एक लाखाची मोटार वीस वर्षांनी साधारण ३,९०० रुपयांची उरते आणि चाळीस वर्षांनी दीडशे रुपयांची. दीडशे तर दीडशे, पण उरते! हिशेबशास्त्राइतका रूक्ष विषय दुसरा नाही, पण त्यालासुद्धा वस्तूला शून्य म्हणण्याचा धीर होत नाही. आणि जिची वहीतली किंमत दीडशे, तिच्या दाखल्याची फी दहा हजार! नाकापेक्षा मोती जड हे ऐकलं होतं. इथे मोत्याचं दुकानच नाकात अडकवलंय.

नोटांचा दाखला मी देणार नाही. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर काउंटरवर बसलेली माणसं नोटांचा दाखला कशालाच देत नाहीत. पण खात्यांचा देतो. एखाद्या खात्यावर दोन वर्षं काही उलाढाल झाली नाही तर ते निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली नाही तर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ साली केलेल्या ठेवीदारांच्या निधीत जाते. तरीही खातेदार किंवा त्याचा वारस कागदपत्रं घेऊन आला की पैसे परत मिळतात. 'काका, तुमचं खातं फार जुनं झालं होतं, आम्ही ते कापून त्याचं लोखंड केलं' असं आम्ही कधी कोणाला सांगत नाही. बँकेसारख्या, मला स्वतःला जिचा फारसा उमाळा येत नाही अशा, संस्थेलाही इतकी माणुसकी असते.

आता ज्यांच्यासाठी मी हा तंटा मांडलाय त्या गाड्यांविषयी. आम्ही चौघे मित्र. चौघांत तीन मोटारी आहेत आणि चौथा मी. माझ्याकडे स्कूटर आहे, त्यामुळे ह्या विषयात मी सगळ्यांत निःपक्षपाती.

डॉक्टरांची १९६९ ची स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासला बनलेली, पण मूळ माहेर इंग्लंड. तिथे ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली ती काढली, आणि तिचा आकार रेखाटला जिओवानी मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाने. तिचं नाक मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उघडतं, सुसरीने जबडा वासावा तसं. मिस्त्रीला चाकावर बसून इंजिनाशी निवांत बोलता येतं. ह्याच हेराल्डच्या सांगाड्यावरून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर नावाची दोन माणसांची खरीखुरी स्पोर्ट्स कार काढली. तेव्हापासून डॉक्टर आपल्या गाडीला 'स्पोर्ट्स कारची थोरली बहीण' म्हणतात. थोरल्या बहिणींचं असंच असतं; धाकटी धावते आणि थोरलीचं संसारात वय जातं.

वकीलसाहेबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. हे नाव तिला १९७४ साली मिळालं, पण आमच्याकडे अजून तिला फियाटच म्हणतात. ती कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, आणि ती कंपनी काढली वालचंद हिराचंदांनी. वालचंदशेठ जन्माने सोलापूरचे, म्हणजे आमचे शेजारीच. ही गाडी वकीलसाहेबांच्या वडिलांनी नंबर लावून, वाट बघून घेतली. त्या काळी मोटारीचा नंबर लागायला वर्षं लागत. मुलीचं स्थळ ठरायचं पण तिला सासरी सोडायला गाडी यायची नाही. पुढे त्या गाडीतून गल्लीतल्या सगळ्या मुली सासरी गेल्या आणि त्यांतल्या अर्ध्याअधिक रात्री-अपरात्री त्याच गाडीतून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला गेल्या. तिच्यात दोघांचा जन्म होता होता राहिला आणि एकाचा झालाच. तो हल्ली पुण्यात असतो आणि जन्मस्थळ बीड असं सांगतो. ते खरं म्हणजे केजच्या अलीकडे आहे.

गुरुजींची अँबॅसिडर, मार्क फोर, १९८४ ची. उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात अँबॅसिडर बनायची थांबली २०१४ साली, आणि गुरुजी शाळेतून निवृत्त झाले तेही २०१४ साली. गुरुजींना आणि गाडीला, दोघांनाही ह्यात योगायोग वाटत नाही.

कोणी म्हणेल, ह्यात स्पोर्ट्स कार कुठली? माझं उत्तर असं, की तिन्ही. स्पोर्ट्स म्हणजे खेळ, आणि खेळाचा पहिला नियम हा की निकाल आधी माहीत नसावा. नव्या गाडीत बसलं की अंबाजोगाईला किती वाजून किती मिनिटांनी पोचणार ते पडद्यावर लिहून येतं. हा कसला खेळ? ही तर हजेरी. जुन्या गाडीत पोचणार की नाही, पोचलो तर कोणत्या गावाला, आणि रात्री कोणाच्या ओसरीवर, हे सगळं गुलदस्त्यात असतं. आम्हा बीडकरांना ह्या खेळाचा सराव आहे. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेविषयी आमचे वडील ऐकत होते, मग आम्ही ऐकलं, आणि बीडला पहिली गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. ज्यांनी रेल्वेची एवढी वाट पाहिली त्यांना हेराल्ड चालू व्हायची पाच मिनिटं वाट बघणं म्हणजे किस झाड की पत्ती!

तर आम्ही वसंतात सहल काढायची ठरवली. बँकेत मार्च हा ऋतू नसतो, ती अखेर असते. आम्रमोहर आम्ही फक्त रिकव्हरीला खेड्यात गेलो तरच बघतो, आणि तोही थकबाकीदार घरी नसल्यामुळे. त्यामुळे आमचा वसंत एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सुरू होतो, कारण त्या दिवशी बँक बंद असते. बीड जिल्ह्यातला वसंत सकाळी सातला सुखद असतो आणि नऊला फौजदारी. पळस संपत आलेला, कडुनिंबाला बारीक पांढरा फुलोरा, बांधावरच्या आंब्याला कैऱ्या. ह्यापलीकडे वसंताचं वर्णन मला येत नाही. दहानंतर डोळे उघडतच नाहीत. बेत असा, की बीडहून मांजरसुंबा, नेकनूर, केज करत अंबाजोगाईला मुक्काम, आणि रविवारी परळीवरून सिरसाळा, तेलगाव, वडवणी ह्या मार्गाने परत.

निघतानाच डॉक्टरांच्या कायदेशीर परिस्थितीवर चर्चा झाली. त्यांची हेराल्ड पन्नाशी ओलांडून बसलीय, तेव्हा ती व्हिंटेजच्या व्याख्येत बसते. पण डॉक्टर अर्ज करत नाहीत. कारण व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनासाठी, तांत्रिक संशोधनासाठी, व्हिंटेज रॅलीसाठी, दुरुस्तीसाठी नाहीतर पेट्रोल भरायला. रोजच्या कामाला नाही. दवाखान्यात न्यायची नाही, मंडईत न्यायची नाही.

"म्हणजे पेट्रोल भरायला जायचं," डॉक्टर म्हणाले, "पण ते भरून कुठंही जायचं नाही."

"पेट्रोल भरायला कुठल्या पंपावर जावं ह्याचं बंधन आहे का?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग अंबाजोगाईच्या पंपावर पेट्रोल चांगलं मिळतं, असं माझं कायदेशीर मत आहे."

थोडक्यात, ज्याला हा मान मिळू शकतो त्याला तो नकोय, आणि वकीलसाहेबांना हवाय तर त्यांची फियाट चाळिशीतच आहे. २०२१ साली ६०० रुपयांत सुटलेली तीच गाडी, त्याच रस्त्यावर, त्याच मालकाकडे, २०२६ साली १०,००० मागतेय. मध्ये पाच वर्षांत तिने काय गुन्हा केला, तर ती पाच वर्षांनी मोठी झाली.

वकीलसाहेबांचा मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे. बाबांनी फियाट भंगारात द्यावी आणि त्या सर्टिफिकेटवर नव्या गाडीला सूट घ्यावी, असं त्याचं दोन वर्षांपासून म्हणणं. आमची काळजी म्हणून तो आपली नवी, थंडगार, उंच गाडी घेऊन आमच्या मागून येत होता. गाडीची कंपनी सांगत नाही. आजाऱ्याचं नाव चारचौघांत घेऊ नये.

मांजरसुंब्याचा घाट चढून फियाट वर आली आणि एक उसासा टाकून थांबली. मुलगा धावत आला. "बघा, मी म्हणत नव्हतो!" आता ह्यात दोष गाडीचा नव्हता, एप्रिलचा होता. जुन्या इंजिनाला पेट्रोलचा पंप चिकटून असतो. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि त्या पंपाला पातळ पदार्थ ओढता येतो, वाफ ओढता येत नाही. उपाय असा, की पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि माणसांनी लिंबाखाली बसायचं. गुरुजींनी आपला पंचा ओला करून पंपावर घातला, जणू तापातल्या पोराच्या कपाळावर घडी ठेवतायत. वीस मिनिटांत फियाटचा ताप उतरला. तेवढ्यात एक कलिंगड संपलं आणि मागच्या निवडणुकीचं विश्लेषण पूर्ण झालं. नव्या गाडीत बसून ही दोन्ही कामं वीस मिनिटांत होत नाहीत.

नेकनूरला चहाला थांबलो. चहा झाला, तिन्ही म्हाताऱ्या चालू झाल्या, आणि नवी गाडी काही होईना. मुलगा बटण दाबतोय, पडदा उजळतोय, गाडी गप्प.

"काय म्हणते?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा म्हणतेय."

"बोलतेय ना?" डॉक्टर म्हणाले, "मग आजार फारसा नाही."

चहावाले मामा फडकं खांद्यावर टाकून आले. "ढकलून बगा की."

"ही ढकलून चालू होत नाही मामा."

"मग हिला गाडी कशाला म्हनायचं?"

मुलाने फोन लावला. फोनवरच्या बाईंनी दिलगिरी व्यक्त केली, गाडीला हात लावू नका म्हणून बजावलं, आणि उचलून न्यायला छत्रपती संभाजीनगरहून संध्याकाळपर्यंत ट्रक येईल असं सांगितलं. गाडी मामांच्या हवाली करून मुलगा मुकाट्याने फियाटमध्ये मागे बसला. आम्ही कोणी काही बोललो नाही. असल्या वेळी न बोलण्यात जो आनंद असतो तो बोलण्यात नसतो.

इथपर्यंतचं सगळं गमतीत घेता येईल. हौशी माणसांची हौस आहे, दहा हजार भरतील नाहीतर नाही भरणार, बँकेतल्या कारकुनाला एवढा आव कशाला, असंही म्हणता येईल. पण केजच्या अलीकडे आम्हाला ऊसतोडीहून परतणारी माणसं भेटली. दसऱ्याच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसं साखर कारखान्यांच्या भागात ऊस तोडायला जातात आणि हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर भांडी, बाजा, शेळ्या, पोरं, आणि मागच्या ट्रॉलीत आडवी बांधलेली एक मोटारसायकल. रस्त्याकडेला हौदावर पाणी प्यायला थांबले होते. एक जण फियाटभोवती चक्कर मारून आला.

"मालक, फियाट ना ही? आमच्या मुकादमाकडं व्हती. कुठं चाललाव?"

"अंबाजोगाई. तुमची कोणती गाडी?"

"ही काय, स्प्लेंडर. दोन हजार तीनची. पासिंग कवाच संपलंय."

ते 'कवाच संपलंय' त्याने असं म्हटलं, जसं आपण कॅलेंडरातला मागचा महिना संपला म्हणतो. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणाची खरी क्लासिक गाडी ती आहे. हेराल्ड नाही, फियाट नाही, ट्रॉलीत दोरीने बांधलेली स्प्लेंडर. ती भंगारात देऊन तो नवी घेईल, हे दिल्लीत कागदावर फार सुंदर दिसत असेल. प्रत्यक्षात तो नवी घेत नाही, फीही भरत नाही आणि गाडीही सोडत नाही. तो फक्त कागद सोडतो. म्हणजे धूर आहे तिथेच राहिला, कमी झाली ती नोंद. पूर्वी जो माणूस कायद्याच्या आत होता तो आता बाहेर आहे, आणि उद्या कुठल्या वळणावर काही वाईट झालंच तर त्याच्या बाजूने उभा राहणारा एकही कागद त्याच्याकडे नसेल. आम्ही बँकेत कर्ज बुडालं की म्हणतो, वसुलीचा हप्ताच असा लावला की माणूस पळून गेला. हप्ता माणूस बघून लावावा, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण आहे.

अंबाजोगाईला पोचलो. योगेश्वरीचं दर्शन झालं, मुकुंदराजांच्या समाधीला जाऊन आलो, आणि दासोपंतांचा विषय निघाला. दासोपंत सोळाव्या शतकातले. त्यांनी कागद सोडून चाळीस फूट लांबीच्या कापडावर 'पंचीकरण' लिहिलं. ती पासोडी पिढ्यानपिढ्या जपली गेली म्हणून आज मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तिचं नाव आहे. आता मी विचारतो, ती पासोडी चाळीस वर्षांची होती तेव्हा ती काय होती? तेव्हा ती वारसा नव्हती. तेव्हा ती घरातलं जुनं कापड होती, वाळवीची भीती, जागेची अडचण. त्या वर्षांत घरातल्या कोणी ती जुनेरं म्हणून देऊन टाकली असती, तर आज सांगायला काय उरलं असतं? जगातली प्रत्येक जुनी मौल्यवान गोष्ट कधी ना कधी नुसतीच जुनी होती. मधल्या वर्षांत तिला कोणीतरी, काही फायदा नसताना, सांभाळलेलं असतं. पन्नाशीचा सत्कार करायचा आणि चाळिशीला जगू द्यायचं नाही, मग पन्नाशी गाठणार कोण?

आता विरोधकांचं म्हणणं ऐकू. वकीलसाहेबांच्या संगतीत राहून दोन्ही बाजू मांडायची खोड मलाही लागलीय.

विरोधकांचा पहिला मुद्दा धुराचा, आणि तो खरा आहे. जुन्या इंजिनाला धूर शुद्ध करणारी नवी यंत्रणा नसते; किलोमीटरमागे ते नव्यापेक्षा जास्त घाण सोडतं. पण सोडतं किती, हे ती चालते किती ह्यावर आहे. फियाट वर्षाला हजार किलोमीटर चालली तर वकीलसाहेब पेढे वाटतात. धूर मोजायचा तर नळी लावून मोजा. दाखल्यावरची जन्मतारीख वाचून धूर कसा कळतो? माझ्या ओळखीत तिशीतले लोक आहेत, त्यांच्या तोंडून गुरुजींच्या अँबॅसिडरपेक्षा जास्त धूर निघतो.

त्यांचा दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. हाही खरा. ह्या गाड्यांना हवेच्या पिशव्या नाहीत. म्हणूनच ब्रेक, स्टिअरिंग, दिवे कसून तपासा, आणि नापास झाली तर खुशाल थांबवा, आमची ना नाही. २०२१ च्या भंगार धोरणातही खाजगी गाडीला वीस वर्षांनंतर तपासणीच सांगितलीय, आणि नापास झालेली बाद. मग तपासणीत पास झालेल्या गाडीला पुन्हा वयाचा दंड कशासाठी? परीक्षेत पास झालेल्या मुलाकडून, तो मोठा दिसतो म्हणून, जास्त फी घ्यायची, असं आमच्या गुरुजींनी चाळीस वर्षांत केलं नाही.

तिसरा मुद्दा, जुन्या गाड्या गेल्या की नव्या खपतील. हा मुद्दा सगळ्यांत प्रामाणिक आहे. तो उघड मांडला तर निदान भांडता तरी येईल.

मुंबईचं उदाहरण बघा. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी. शेवटची नोंदवली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात सगळ्यांनी तिच्यावर लेख लिहिले, फोटो काढले, गहिवरले. त्यांतल्या कितीजणांनी तिच्या सीटची स्प्रिंग टोचली म्हणून तोंड वाकडं केलं होतं ते विचारू नका. आपल्याकडे निरोप समारंभ फार सुरेख होतो. नोकरीत असताना मात्र कोणी खुर्ची बदलून देत नाही.

आणखी एक हिशेब कुठल्याच कचेरीत होत नाही. तो आमच्या उस्तादांचा. बीडला एका गल्लीत टपरीएवढं गॅरेज आहे. उस्ताद कार्ब्युरेटर उघडतात, जेट फुंकतात, पॉइंट घासतात, टॅपेट कानाने ऐकून लावतात. नव्या गाडीला यंत्र लावून यंत्राला विचारतात. उस्ताद गाडीलाच विचारतात. मी एकदा म्हटलं, "उस्ताद, पोराला शिकवा की हे." ते म्हणाले, "किसके लिए साब? गाड्याच ठेवणार नाहीत म्हणे." गाडी भंगारात गेली तर लोखंड तरी हाती येतं. चाळीस वर्षं कमावलेला तो कान वितळवून काय मिळणार आहे?

रविवारी परळीला वैजनाथाच्या पायऱ्या चढलो. खाली वीज केंद्राकडे बघून डॉक्टर म्हणाले, "रेडिएटरला पाणी नाही म्हणून माझी हेराल्ड थांबली तर तुम्ही हसता. हे एवढं केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद पडलं होतं, तेव्हा कोण हसलं?" मुद्दा बिनतोड होता. परळीपासून फियाट वकीलसाहेबांच्या मुलाने चालवली. वकीलसाहेब शेजारी अंग चोरून बसले होते आणि नसलेला ब्रेक पायाने दाबत होते. सिरसाळ्यापर्यंत मुलगा गिअरशी भांडला, तेलगावपर्यंत दोघांचा समझोता झाला, आणि वडवणीच्या पुढे त्याने विचारलं, "बाबा, आजोबा थंडीत हिला चोक किती ओढायचे?" भंगाराचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही. कायमचा मिटला असं मी म्हणणार नाही. तो इंजिनिअर आहे, पुन्हा काढेल.

माझ्या मागण्या साध्या आहेत. गाडी तपासा, तिचं वय विचारू नका. पास झाली तर फी तपासणीच्या खर्चाएवढी घ्या, गाडीच्या किमतीएवढी नको. वर्षाला फार थोडी चालणाऱ्या गाडीसाठी पंधरा आणि पन्नासच्या मध्ये एक पायरी ठेवा. किलोमीटरचा आकडा तिच्या छातीवरच लिहिलेला असतो. आणि स्प्लेंडरवाल्याला आधी कायद्याच्या आत घ्या, मग त्याला पर्यावरण शिकवा.

हे होईल असं नाही. फियाट पन्नाशीला पोचेल २०३६ साली. तोवर तिला आज दहा हजार, २०३१ ला पुन्हा दहा हजार, मधल्या काळात फी वाढली तर तीही. मग व्हिंटेजचा मान हवा असेल तर त्याची फी निराळी, आणि तो मिळाला की मंडईत जायची बंदी. वकीलसाहेबांनी हा हिशेब माझ्याकडून दोनदा तपासून घेतला आणि दहा हजारांची रक्कम माझ्याच काउंटरवर काढली. मी विचारलं, "विचार पक्का ना?" तर म्हणाले, "अरे, वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला जास्त लागले होते. तेव्हा कोणी म्हणालं नाही की नवे वडील घ्या, सूट मिळेल."